नाशिक जिल्ह्यातील इंग्रजी अमदानीतला सरकारी कागद कसा उलगडावा

शंभर वर्षांपूर्वीचा फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद), गावच्या शाळेला दिलेल्या जागेचा ठराव किंवा देवळालीच्या छावणीसाठी जमीन घेतल्याची नोटीस असे कागद नाशिक जिल्ह्यातील अनेक घरांत जपून ठेवलेले असतात आणि वाटणीचा किंवा विक्रीचा प्रश्न आला की ते बाहेर निघतात. अशा कागदाचा अर्थ आजच्या कायद्याने लावू नये. तो लिहिला गेला त्या दिवशी मुंबई इलाख्यात कोणता नियम लागू होता हे आधी ठरवावे आणि मगच त्यातील मजकुराकडे वळावे.

पहिले काम तारखेचे. त्या काळी महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपत असे, त्यामुळे ‘सन १९११-१२’ या वर्षातील मार्च महिना १९१२ सालचा असतो. फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरलेली जुनी कालगणना, असेल तर इसवी सन काढण्यासाठी त्यात ५९० मिळवावे. दख्खनची फसली मृगाला सुरू होत असल्याने फसली १३२० म्हणजे १९१०-११. शक असेल तर ७८ मिळवावे. मजकूर मोडीत असल्यास तो जाणकाराकडून बाळबोधीत उतरवून घ्यावा, पण आकडे स्वतः मुळाशी ताडून पाहावेत. आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) रकान्यातील आणे रुपयाचे असतात, १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा. क्षेत्राच्या रकान्यातील आणे मात्र गुंठ्याचे असतात, १६ आण्यांचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. हे रकाने एकमेकांत मिसळले की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

दुसरे काम खात्याचे. ठरावाच्या माथ्यावर क्रमांक, तारीख आणि खाते दिलेले असते; ते महसूल, शिक्षण की लष्कर हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जमीन आणि शाळा यांचा कारभार मुंबई सरकारकडे होता, तर लष्कराची सूत्रे हिंदुस्थान सरकारच्या हाती होती. १९२१ पासून शिक्षण हे सोपीव (कौन्सिलला जबाबदार मंत्र्याकडे सोपवलेले) खाते झाले आणि जमीन महसूल राखीव, म्हणजे गव्हर्नरच्या हाती राहिला, म्हणून त्यानंतरचे शाळेचे ठराव वाचताना ही विभागणी ध्यानात ठेवावी.

जमिनीच्या कागदांना सर्वाधिक वेळ द्यावा, कारण त्या काळी घातलेल्या अटी आजही सातबाऱ्यावर दिसतात. पाया १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचा. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर सरकारने १९०१ मध्ये त्यात दुरुस्ती करून, कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतर करता येणार नाही अशा शर्तीवर जमीन देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये हे कारण सांगितले गेले. पण यामुळे शेतकऱ्याची पत बुडेल आणि तो सरकारचा केवळ कूळ होऊन बसेल, अशी भीती विरोधकांना वाटत होती. या विधेयकाच्या निषेधार्थ फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी सहकाऱ्यांसह कायदे कौन्सिलातून सभात्याग केला होता. १९०१ ची ही दुरुस्ती म्हणजेच ‘नव्या शर्ती’चा उगम. आज सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (हस्तांतरावर बंधन असलेली धारणा) दिसले की ती नव्या शर्तीचीच जमीन असे लोक धरून चालतात. ते घाईचे आहे, कारण वतन (वंशपरंपरागत गावकामाबद्दल मिळालेली जमीन) खालसा झाल्यावर परत दिलेली जमीनही याच वर्गात येते. म्हणून मूळ प्रदानाचा हुकूम मिळवावा आणि त्यातील शर्त शब्दशः वाचावी.

फेरफाराची परंपरा १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यापासून सुरू होते. १९१३ मध्ये तो महसूल कायद्यातच सामावला गेला. त्यापूर्वीच्या सरकारी खात्यावरील नाव मुख्यतः सारा कोणी भरायचा हे सांगते. त्यामुळे १९०३ च्या आधीच्या कागदावर एकाच भावाचे नाव असेल, तर बाकीच्यांचा हिस्सा नव्हता असा निष्कर्ष काढू नये. प्रमाणित झालेली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाई, पण मालकी नोंदीमुळे निर्माण होत नाही. माझ्या मते कुटुंबांतील निम्मे वाद एवढे समजले तरी सौम्य होतील.

इनाम जमीन, म्हणजे साऱ्याची पूर्ण किंवा काही सूट देऊन दिलेली जमीन, असल्यास वर्ग पाहावा. वर्ग १ सरंजाम (सरदारांना दिलेली जमीन), २ जात इनाम (व्यक्तीला दिलेले), ३ देवस्थान, ५ पाटील-कुलकर्णी वतन, ६ गावकामगारांचे वतन. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या परिसरात वर्ग ३ वारंवार भेटतो; तेथे पुजाऱ्याचे नाव वहिवाटदार (व्यवस्था पाहणारा) म्हणून असते आणि जमीन देवाची असते. शाळा व तत्सम सार्वजनिक कामांसाठी दिलेल्या साराफुकट जागा वर्ग ७ मध्ये येतात, म्हणून गावच्या शाळेच्या जागेचा शोध इनामाच्या नोंदवहीतही, म्हणजे गाव नमुना ३ मध्येही घ्यावा.

शाळेचा आणि साऱ्याचा संबंध याहून जुना आहे. साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड (स्थानिक कामांसाठीचा कर) वसूल होई आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे जाई. साऱ्याच्या पावतीवरचा हा आणा म्हणजे त्या शेतकऱ्याने गावच्या शाळेसाठी दिलेला पैसा होता, आणि ही गोष्ट गावाच्या इतिहासात आवर्जून लिहिली जावी असे मला वाटते. पूर्वज शिक्षक असतील तर १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा ही सीमारेषा धरावी. त्याआधी शाळांवर शिक्षण खात्याचे आणि त्याच्या दिपोटींचे (शाळा तपासणाऱ्या डेप्युटी अधिकाऱ्यांचे) नियंत्रण असे. नंतर जिल्हा लोकल बोर्डाचे स्कूल बोर्ड आले आणि १ मे १९६२ पासून हा कारभार जिल्हा परिषदेकडे गेला. शिक्षकाला राजकीय कारणावरून ताकीद किंवा शाळेची ग्रँट बंद असा उल्लेख आढळला, तर १९०७ चे रिसले परिपत्रक आठवावे. विद्यार्थी व शिक्षकांना राजकीय चळवळीपासून दूर ठेवण्यासाठी ते निघाले होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. त्यापुढील काळातले येथील कागद ही पार्श्वभूमी लक्षात घेऊन वाचावेत.

लष्करी कागदांत जमीन कायमची घेतली की तात्पुरती अडवली, एवढाच प्रश्न आधी सोडवावा. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली असेल तर कलम ४ आणि ६ च्या जाहिराती, कलम ११ चा निवाडा आणि त्यानंतर कमी-जास्त पत्रक (क्षेत्र व आकारातील बदलाचा तक्ता) ही साखळी मिळाली पाहिजे. याउलट १९३८ च्या लष्करी कवायती व तोफखाना सराव कायद्याखालील अधिसूचनेने मालकी जात नाही. सरावाच्या काळात लोकांना त्या क्षेत्राबाहेर ठेवता येते आणि नुकसानीची भरपाई द्यावी लागते. देवळालीभोवतालच्या गावांतील लोकांनी हा भेद नीट समजून घ्यावा. छावणीच्या हद्दीतील मिळकतीसाठी मात्र सातबाऱ्यावर विसंबू नये, छावणीच्या जनरल लँड रजिस्टरमधील नोंद पाहावी.

नकला मिळवताना फेरफार व जुने सातबारे यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात, तर टिपण, गुणाकार बुक, आकारफोड अशी मोजणीची व आकारणीची जुनी कागदपत्रे आणि कमी-जास्त पत्रक यांसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा. स्कॅन झालेले बरेच जुने अभिलेख राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरही आहेत आणि त्यात नाशिक जिल्ह्याचा समावेश आहे. जन्मतारीख किंवा जात शोधायची असेल तर शाळेचे जनरल रजिस्टर आणि गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची नोंदवही) पाहावा. सरकारी ठरावाची मूळ फाईल लागली तर मुंबईचे पुराभिलेखागार आणि इनामांसाठी पुण्याचे पेशवे दफ्तर ही ठिकाणे आहेत. अर्जात गाव, त्या वेळचा तालुका, जुना सर्व्हे नंबर, महसुली वर्ष आणि ठरावाचे खाते, क्रमांक व तारीख लिहावी, आणि नक्कल नेहमी प्रमाणित मागावी.