धावत्या गाड्यांचे क्लस्टर टिकत नाहीत? या चुका टाळा

व्हॅनेटवर (धावत्या गाड्यांनी आपसात रेडिओने बोलण्यासाठी बनवलेलं जाळं) प्रोजेक्ट करणारी मुलं दर वर्षी एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, क्लस्टर सारखे फुटतायत, अल्गोरिदम बदलू का?" क्लस्टर म्हणजे सोबत जाणाऱ्या गाड्यांचा गट; त्यातली एक गाडी हेड, म्हणजे म्होरकी, बाकीच्या मेंबर. अल्गोरिदम बदलायला नको. आधी लॉग उघडा, एकच गाडी निवडा आणि तिचा पाच मिनिटांचा प्रवास ओळीओळीने वाचा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एखादा बीकन (गाडी ठरावीक वेळाने पाठवते तो "मी इथे आहे" असा छोटा संदेश) चुकला की मेंबरला लगेच बाहेर काढणं. एका विद्यार्थ्याने सुमो या वाहतुकीच्या सिम्युलेटरमध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा खालापूर टोलनाक्याजवळचा तुकडा घेतला होता. गाड्या जवळजवळ उभ्या, आणि क्लस्टर नेमके तिथेच फुटत होते. दोन आठवडे तो वेटचा, म्हणजे हेड कोण हे ठरवणाऱ्या गुणांचा, फॉर्म्युला बदलत बसला होता. वेग, अंतर, शेजाऱ्यांची संख्या, सगळ्यांचे गुणांक हलवून झाले. मग एका संध्याकाळी आम्ही दोघांनी एका गाडीचा माग काढला. हेड ४० मीटरवर, दोघांचा वेग शून्याजवळ, तरी ती गाडी मिनिटात वीसेक वेळा बाहेर पडून पुन्हा आत येत होती.

कारण साधं होतं. ८०२.११पी मध्ये (गाड्यांसाठीचं वायफायसारखं रेडिओ मानक) ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी सोडलेल्या, बीकनला पोच मिळत नाही, त्यामुळे तो पुन्हा पाठवलाही जात नाही. नाक्यावर शेकडो गाड्या सेकंदाला १० बीकन टाकत होत्या, ते एकमेकांवर आदळत होते, आणि टाइमआउट, म्हणजे किती वेळ बीकन आला नाही की गाडीला बाहेर काढायचं ती मुदत, होता जेमतेम दीड बीकनचा. बाहेर पडलेली प्रत्येक गाडी पुन्हा जॉइन मेसेज पाठवी, त्याने चॅनेल आणखी भरे, आणखी बीकन हरवत. फॉर्म्युल्याचा यात काहीच दोष नव्हता.

मी टाइमआउट ३ सेकंदांचा ठेवतो. तेवढ्यात ताशी २० किलोमीटरचा फरक असलेली गाडी १७ मीटरच सरकते, बिघडत काही नाही. शिवाय उभ्या गाडीने सेकंदाला १० बीकन टाकायचेच कशाला? युरोपातल्या एट्सी या दूरसंचार मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत गाडी ४ मीटर सरकली, दिशा ४ अंशांनी वळली किंवा वेगात अर्धा मीटर प्रति सेकंद एवढा फरक पडला की नवा संदेश जातो; नाहीतर सेकंदाला एक पुरतो. मात्र हा नियम लावून टाइमआउट १ सेकंदावरच ठेवलात, तर उभ्या गाड्या पुन्हा बाहेर फेकल्या जातील.

दुसरी चूक: समोरून येणाऱ्या गाडीला क्लस्टरमध्ये घेणं. रेंज ३०० मीटर आणि दोघींचा वेग ताशी १०० धरला, तर त्यांची गाठ साधारण ११ सेकंदांची. त्याच दिशेने ८० ने जाणारी गाडी १०८ सेकंद सोबत राहते. म्हणून जॉइन करण्याआधी दिशा तपासा, पण नुसता हेडिंगचा (गाडीचं तोंड कुठे आहे त्याचा) कोन नको. बोरघाटासारख्या रस्त्यावर तीव्र वळणाच्या अलीकडची आणि पलीकडची गाडी एकाच दिशेने जात असूनही कोन उलटे दाखवतात. मी रस्त्याचा एज आयडी (नकाशातल्या रस्त्याच्या तुकड्याचा क्रमांक) आणि लेनची दिशा वापरतो.

दोन हेड एकमेकांच्या रेंजमध्ये आले की तत्क्षणी त्यांच्या क्लस्टरचं विलीनीकरण करू नका. नवा हेड २० टक्क्यांनी सरस असावा आणि ५ सेकंद तसाच राहावा, एवढी अट मी नेहमी घालतो. नाहीतर बरोबरीचे दोन हेड पद एकमेकांकडे टोलवत राहतात.

सगळ्या गाड्यांना एकच वेग देऊन "स्थिर" क्लस्टर दाखवू नका. रस्ता भरेपर्यंतची सुरुवातीची मिनिटं मोजमापातून वगळा. एकाच सीडवर (सिम्युलेशनमधले यादृच्छिक आकडे ज्यापासून सुरू होतात तो आकडा) निष्कर्ष काढू नका.

आणि हेडचं सरासरी आयुष्य छापण्याआधी एकट्या गाड्या बाजूला काढा. जिच्याजवळ एकही मेंबर नाही अशी गाडी तासभर हेड राहू शकते, आणि तिच्यामुळे तुमचा आलेख सुंदर दिसतो. माझ्यासमोर येणाऱ्या अहवालात मी पहिल्यांदा हेच शोधतो.