हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर आधी काय बघायचं

पहिलं म्हणजे कान लावून ऐका. डिस्कमधून टक् टक् असा ठराविक आवाज येत असेल तर तिथंच थांबा, पॉवर काढा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका, कारण हेड (डिस्कवरचा डेटा वाचणारा भाग) गेलेलं असू शकतं आणि प्रत्येक वेळी डेटा वाचायची आशा कमी होत जाते. असल्या डिस्कसाठी डेटा रिकव्हरीवालाच बरा.

आवाज नॉर्मल आहे? मग केबल बदला. खरंच, बऱ्याचदा तीच मेलेली असते. मध्ये यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) असेल तर तो काढून थेट पोर्टला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलीअँपिअरच देतं, ३.० चं ९००, त्यामुळे पोर्ट बदलल्यावरही काम होऊन जातं. बाहेरून लावायच्या ३.५ इंची डिस्कला मात्र बहुतेक वेळा स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. आतली डिस्क असेल तर पीसी बंद करून साटा (डेटाची) आणि पॉवर दोन्ही केबल काढून घट्ट बसवा, मग बायोसमध्ये (पीसी चालू होताना, विंडोजच्या आधी उघडता येणारं सेटिंग) नाव येतंय का बघा, तिथंच नसेल तर विंडोजमध्ये शोधून उपयोग नाही.

आता स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क आहे पण ड्राइव्ह लेटर (D:, E: असं) नाही, तर लेटर द्या, झालं काम. रॉ (विंडोजला फाइल सिस्टीम ओळखता येत नाही) किंवा अनअलोकेटेड (पार्टिशनच दिसत नाही) दिसलं तर विंडोज फॉरमॅट कर, इनिशियलाइज कर म्हणत मागे लागेल, डेटा हवा असेल तर अजिबात ऐकू नका. चेकडिस्कपण (विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं टूल) नको, आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब कॉपी) घ्या आणि टेस्टडिस्क हे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्या इमेजवरच चालवा.