सावरीची बोंडं उकलायची वाट बघू नका

पाडवा झाला की एकच प्रश्न येतो, पांढऱ्या सावरीवर (गादी-उशीत भरायचा कापूस देणारं मोठं झाड) कोणतं औषध मारू? औषधाचं राहू द्या, आधी बोंडं तोडायची आकडी (टोकाला आकडा असलेली लांब काठी) बाहेर काढा. गड्ड्याच्या यात्रेच्या (जानेवारीतली सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) सुमारास निष्पर्ण झाडावर फुलं होती, त्यांची बोंडं आता तपकिरी होतायत. आणि सोलापुरात नेमके याच दिवसांत दुपारी चारला ढग चढतात.

बोंड झाडावरच उकललं की पहिल्या वावटळीत कापूस बांधापलीकडे. राहिला त्यावर अवकाळीची सर. या कापसाचा तंतू मेणचट, आतून पोकळ, पाणी धरत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पाणी साचतं ते फाटलेल्या बोंडात. चार दिवसांत कवच काळं, आत बुरशी. मोहोळकडच्या एकाची पोती मी उघडून पाहिलीत: वरून पांढरं, हात घातला की कोंदट, पिवळट गोळे. गादीवाल्याने मूठभर नाकाशी नेला आणि पोतं तिथंच ठेवून गेला. आठ दिवस आधी बोंडं काढली असती तर?

कवच वाळून तपकिरी झालं, पण फाटलं नाही, ते बोंड काढायचं. माझा अंदाज असा की झाडावर पहिलं बोंड उकललं की हातात आठवडाच असतो. सगळी एकदम पिकत नाहीत, दोन-तीन तोडे लागतात. वारा सुटायच्या आत, सकाळी. लाकूड ठिसूळ, फांदीवर चढू नका.

काढल्यावर:
- पत्र्यावर वाळवणं, वर जुनी साडी
- रात्री आत घेणं
- काठीने झोडून सरकी वेगळी (तंतू कवचाला असतो, सरकीला नाही; जिनिंग लागत नाही)
- नाकाला फडकं
- जवळ विडी नको, भुर्रकन पेटतो

शेजारी भेंडी किंवा कपाशी असेल तर लाल ढेकूण (सरकीचा रस शोषणारी कीड) येतात. ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून १०० लिटर पाणी. तोही लहान झाडांनाच. चाळीस फुटांवर पंप पोचत नाही. मोठ्या झाडाखाली पडलेली बोंडं वेचून जाळा, एवढं पुरतं. दुकानदाराने मला एकदा ‘बोंड फुगवायचं’ टॉनिक दिलं होतं. बोंडं होती तेवढीच राहिली, बाटली अजून गोठ्यात आहे.

नवीन लावायची तर जूनमध्ये, ६० सेंमीचा खड्डा, शेणखत. पाणी तुंबणाऱ्या काळ्या रानात नको, बांधाच्या उंचवट्यावर लावा.

आणि आज आभाळ भरलेलं दिसलं तर हे वाचून झाल्यावर चहाला थांबू नका.