रस्त्यावर आपल्यासारखीच स्पोर्ट्स कार कशी ओळखावी

एकाच जातीची गाडी बाळगणारी दोन माणसं रस्त्यावर समोरासमोर येतात ती जेमतेम दोन-तीन सेकंदांसाठी. तेवढ्यात गाडी कोणत्या पिढीची, छत कापडी की पक्कं, चाकं मूळची की बदललेली, हे टिपता आलं तर मजा काही औरच असते. त्यासाठी लोगो वाचत बसू नका. तो दिसेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. नजर आकारावर ठेवा.

१. इंजिन कुठं आहे ते पाहा

बॉनेट लांब आणि बसायची जागा मागे सरकलेली असेल, तर इंजिन पुढे. नाक आखूड आणि दारामागे हवा ओढणारी मोठी खाच असेल, तर ते बहुधा चालकाच्या पाठीशी. शेव्हरोलेची कॉर्व्हेट यासाठी उत्तम धडा आहे: सात पिढ्या इंजिन पुढे होतं, २०२० च्या मॉडेलपासून आठव्या पिढीत ते मागे गेलं आणि गाडीची अख्खी ठेवणच बदलली. पोर्शे ९११ चं इंजिन तर मागच्या अॅक्सलच्याही, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही, मागे असतं. म्हणूनच तिच्या छताची रेषा कुठेही न तुटता थेट मागच्या बंपरपर्यंत उतरते.

२. मग दिवे

पिढी ओळखायची खरी किल्ली इथे आहे. माझदा एमएक्स-५ घ्या. १९८९ च्या पहिल्या पिढीचे हेडलाइट बॉनेटमध्ये मिटलेले असतात. दिवसा समोरून पाहिलं तर गुळगुळीत नाक आणि खाली लंबगोल तोंड, एवढंच दिसतं. १९९८ साली आलेल्या दुसऱ्या पिढीत दिवे कायमचे उघडे झाले. २००५ च्या तिसरीची मडगार्डं फुगीर आहेत, तर चौथीचे डोळे बारीक, किलकिले. एवढं घोकून ठेवलं की समोरून येणारी एमएक्स-५ सहसा चुकत नाही.

९११ च्या पिढ्या ९९६, ९९७ अशा कंपनीच्या क्रमांकांनी ओळखतात. त्यांपैकी १९९७ च्या ९९६ चा हेडलाइट आणि इंडिकेटर एकाच काचेत वितळल्यासारखे दिसतात. २००४ च्या ९९७ ने गोल दिवे परत आणले. मागून पाहताना मात्र जरा जपून. सध्याच्या ९९२ ला या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळणारी लाल पट्टी असते, पण आधीच्या ९९१ मध्येही चारही चाकांना ताकद जाणाऱ्या मॉडेलांना ती होतीच. नुसत्या पट्टीवर निकाल देऊ नका.

३. काच खाली करा

अमेरिकी धाटणीचं व्ही८ इंजिन (इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन बाजूंना चार-चार सिलिंडर) खर्जात गुरगुरतं, कारण क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, ठेवणीमुळे एकेका बाजूच्या सिलिंडरांतले स्फोट सारख्या अंतरानं होत नाहीत. फेरारीच्या व्ही८ मध्ये ते सारख्या अंतरानं होतात, म्हणून तिचा सूर चढा आणि सलग. ९९६ च्या आधीच्या पिढ्यांच्या ९११ हवेवर थंड होणाऱ्या. त्यांच्या पंख्याची घरघर एकदा कानात बसली की विसरत नाही.

४. ओळख द्या, पण हातानं

स्टिअरिंगवरून हात न काढता चार बोटं उचलली तरी पुरतं. हेडलाइटची उघडझाप टाळा: कुठे तिचा अर्थ ‘तुम्ही जा’, तर कुठे ‘पुढे धोका आहे’ असा घेतला जातो. पाठलाग, मागे चिकटून चालवणं, शेजारी येऊन रेस देणं, यातलं काहीही नको. समोरच्याला त्यात कौतुक दिसत नाही, धास्ती वाटते.

५. फोटो

चालवताना मोबाइलला हात नाही. शेजारी बसलेल्यानं काढावा, नाहीतर डॅशकॅममधून नंतर चित्र घ्यावं. कुणाला पाठवण्याआधी नंबर प्लेट झाका आणि फोटोत गाडीमागे दिसणारी पाटी, इमारतीचं नाव, पार्किंगचा क्रमांक कापून टाका. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा गाड्यांवर चोरांचा डोळा असतो, आणि ‘रोज सकाळी याच चौकात दिसते’ हे भाबडं वाक्य मालकाचा दिनक्रम उघडा करतं. म्हणून जागा मोघम सांगा, तीही काही दिवसांनी.

६. उभी गाडी दिसली तर

हात लावू नका, टेकू नका. बोटावरची धूळसुद्धा रंगावर ओरखडे पाडते. मालक आलाच तर किंमत विचारण्याआधी ‘कोणत्या सालची?’ असं विचारा. किमतीच्या प्रश्नानं माणूस अवघडतो, सालाच्या प्रश्नानं खुलतो. तो नसेल तर वायपरखाली दोन ओळींची चिठ्ठी ठेवा. चिकटपट्टी मात्र नको.

७. वही ठेवा

तारीख, पिढी, रंग, छत, चाकं, डाव्या-उजव्या अंगाची एखादी खूण. तीच गाडी पुन्हा दिसली की नंबर न पाहता ओळखता येते. रंगाची नोंद कंपनीच्या त्या सालच्या रंगतक्त्याशी ताडून पाहा. तिथे तो रंग नसेल, तर गाडी बहुधा नव्यानं रंगवलेली आहे.