नव्या पथकातले पहिले सहा महिने: कधी ऐकायचं, कधी बोलायचं

कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू पूर्ण फिरलेला नाही, हे पुष्कळदा बचाव पथकातल्या सगळ्यात नव्या माणसाला आधी दिसतं. जुन्यांची नजर सवयीने पुढे सरकते. नवखा अजून पाठ केलेल्या यादीप्रमाणे एकेक वस्तू बघत असतो. पण दिसलं तरी तो बोलत नाही. आजूबाजूला दहा-दहा वर्षं काम केलेली माणसं उभी असतात, कोणाच्याच चेहऱ्यावर काही नसतं, तेव्हा आपलंच काहीतरी चुकत असेल असं त्याला वाटतं. दोरावरून उतरणारा माणूस काठाकडे सरकतो आणि बोलायची वेळ निघून जाते.

स्वयंसेवी बचाव पथकात दाखल झालात की गाठी, प्रथमोपचार, पंप, स्ट्रेचर, वॉकी-टॉकी हे सगळं शिकवतात. गटात उभं राहिल्यावर आपल्या नजरेवर आणि जिभेवर काय परिणाम होतो, हे मात्र फार थोड्या ठिकाणी शिकवलं जातं. आमच्या मते ते गाठींच्या बरोबरीने शिकवायला हवं. निसटलेली गाठ निदान डोळ्यांना दिसते. गिळून टाकलेली शंका कोणालाच दिसत नाही.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. एका रेषेइतकी लांब रेषा तीन रेषांतून ओळखायची, इतकं सोपं काम. खोलीतले बाकीचे सगळे आधीच सामील करून घेतलेले होते आणि ते ठरवून चुकीचं उत्तर देत. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांच्यापैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराची री ओढून गेले. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सामील झालेल्यांपैकी फक्त एकाने बरोबर उत्तर दिलं, तर हे वाहवत जाणं साधारण पाव भागावर आलं. म्हणून पहिल्या महिन्यात स्वतः पहिला आवाज काढायचा धीर होत नसेल, तर दुसरा आवाज व्हा. कोणी “दोर कडेला घासतोय” म्हणालं आणि तुम्हालाही तसंच दिसत असेल, तर लगेच म्हणा, “मलाही घासताना दिसतोय.” एकट्याच्या शंकेला लोक स्वभाव समजतात, तीच शंका दोघांनी काढली की सगळे वळून दोराकडे बघतात.

दुसरा धोका ‘कोणीतरी’ या शब्दात आहे. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, खोलीत हळूहळू धूर शिरू लागला तेव्हा एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उठून सांगितलं. शेजारी दोन माणसं मख्ख बसवून ठेवली, तेव्हा हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. घटनास्थळी नेमकं हेच होतं. “कोणीतरी रुग्णवाहिका बोलवा” म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने बोलावली असेल. काम नेहमी नाव घेऊन सांगायचं. नाव माहीत नसेल तर बोट दाखवून, “तुम्ही, निळा शर्ट, फोन लावा आणि लागला की मला येऊन सांगा.” ज्याला काम सांगितलं त्याने ते शब्दांत परत म्हणायचं (“फोन लावतो, लागला की सांगतो”) आणि झाल्यावर “झालं” कळवायचं. या तीन टप्प्यांतला तिसरा सगळ्यात जास्त गळतो. वॉकी-टॉकीवर नुसतं “ओके” आलं तर ऐकलं एवढंच कळतं, काय ऐकलं ते कळत नाही.

स्ट्रेचरभोवती हे फार स्पष्ट दिसतं. सहा जण उचलायला वाकलेले असतात आणि दोघे एकदम “एक, दोन” म्हणायला लागतात. मान धरून डोक्याकडे बसलेल्याचाच हुकूम चालतो. मग तो पथकात सगळ्यात नवा का असेना. त्याने आधी सांगायचं, “तीन म्हटल्यावर उचलायचं.” मग विचारायचं, “तयार?” सहाही जणांकडून “तयार” आल्याशिवाय मोजायला सुरुवात नाही. डोक्याकडे तुम्ही असाल आणि पथकप्रमुख पायाकडे असतील, तरी मोजायचं तुम्हीच. संकोचाने आवाज बारीक काढलात तर पायाकडची बाजू आधी उचलली जाते आणि मान वाकडी होते.

आता वरिष्ठांसमोर बोलण्याचा प्रश्न. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. परवानगी नसताना धावपट्टीवरून सुटलेल्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान बाजूला झालं आहे ना, असं विचारलं होतं. अत्यंत अनुभवी कॅप्टनने ठामपणे होकार दिला आणि प्रश्न तिथेच थांबला. शंका बरोबर होती, पण ती प्रश्नाच्या रूपात एकदाच आली. त्यानंतरच्या वर्षांत वैमानिकांना वरिष्ठांसमोर शंका कशी लावून धरायची याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं, आणि त्याच पद्धती पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये आणि बचाव पथकांत आल्या.

या पद्धतीत चार पायऱ्या असतात. त्या तोंडपाठ करा, कारण आणीबाणीत वाक्य जुळवायला वेळ मिळत नाही. आधी जे दिसतंय तेवढंच: “दादा, खालच्या कॅराबिनरचा स्क्रू उघडा दिसतोय.” उत्तर नाही आलं तर धोका सांगायचा: “स्क्रू उघडा आहे, दोर घासला तर कडीचं गेट उघडेल.” मग उपाय: “उतरायच्या आधी बंद करून घेऊ, मी करतो.” आणि शेवटी एकच शब्द, मोठ्याने: “थांबा!” प्रत्येक पायरी एकदाच, तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत बसू नका, पुढची पायरी चढा. माणूस आधीच काठावर असेल तर पहिल्या तीन सोडून थेट चौथी.

बिघडतं ते असं. नवखा ताकाला जाऊन भांडं लपवतो: “आपण सगळं तपासलंय ना?” याचं उत्तर “हो” असंच येणार. किंवा तो निर्णय घेणाऱ्याला न सांगता शेजारच्या मित्राच्या कानात पुटपुटतो. किंवा परतताना गाडीत सांगतो, “मला तेव्हाच वाटलं होतं.” तिन्ही वेळा शंका होती, पण जिथे पोचायला हवी तिथे पोचली नाही.

‘थांबा’ शब्दाची एक शिस्त आहे. तो कोणीही म्हणू शकतो, ऐकल्यावर सगळे हातातलं काम जिथल्या तिथे धरून ठेवतात आणि शंका चुकीची निघाली तरी म्हणणाऱ्याला कोणी टोचून बोलत नाही. पथकात दाखल होताना प्रमुखांना थेट विचारा: “इथे ‘थांबा’ कोण म्हणू शकतं? शेवटचं कोणी आणि कधी म्हटलं होतं?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त बोलकं असतं.

पण बोलायला शिकणं ही अर्धीच बाजू झाली. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅन गल्च इथे वणवा विझवायला उतरलेल्या पथकाचाच आग पाठलाग करू लागली. प्रमुख वॅग्नर डॉज याने समोरचं गवत मुद्दाम पेटवलं आणि त्या जळून गेलेल्या जागेत झोपायला सगळ्यांना बोलावलं. एकही जण त्याच्यामागे गेला नाही. तो वाचला, १३ जण मेले. हा उपाय त्या माणसांनी आधी कधी पाहिलेला नव्हता आणि त्या प्रमुखाबरोबर त्यांनी एकत्र काम फारसं केलेलं नव्हतं. टेनेरिफला मंडळी गप्प राहिली, इथे त्यांनी ऐकलं नाही. मग नवख्याने करायचं काय? आम्ही रेघ अशी ओढतो: धोका दिसला तर तिथल्या तिथे बोला, पद्धत आवडली नाही तर आत्ता सांगितल्याप्रमाणे करा आणि आढाव्याच्या वेळी बोला. दोर डाव्या झाडाला बांधायचा की उजव्या, दोन्ही मजबूत असतील तर तो वाद घटनास्थळी नको. डावं झाड मुळापासून हलत असेल, तर तो धोका आहे. पद्धतीच्या कुरबुरीसाठी ‘थांबा’ वापरलंत तर खऱ्या वेळी त्या शब्दाला वजन राहत नाही.

पथकात दाखल झाल्यावर हुकूम कोण देतं ते एका दिवसात कळतं. हुकूम सुटल्यावर बाकीचे कोणाकडे बघतात, ते कळायला महिना लागतो. पद एकाकडे, ज्ञान दुसऱ्याकडे आणि ज्याच्यासारखं व्हावंसं वाटतं तो माणूस तिसराच, असं सर्रास असतं. ही तीन माणसं वेगळी असली तरी काम चालतं, जोवर घटनास्थळी प्रमुख कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका प्रमुखाच्या हाताखाली साधारण ३ ते ७ माणसं, शक्यतो ५. त्याहून जास्त झाली की उपगट पाडायचे, नाहीतर माणसं आपापले प्रमुख शोधून घेतात.

“आपल्याकडे असंच करतात” हे वाक्य कानावर पडलं की कान टवकारा. एक छोटी वही ठेवा: डाव्या पानावर लेखी नियम, उजव्या पानावर प्रत्यक्ष सवय. फरक दिसला की आरोप न करता विचारा, “हे केव्हापासून बदललं आणि का?” कधीकधी कारण पक्कं असतं. पण “आजवर काही झालं नाही” एवढंच उत्तर आलं, तर पथक नशिबावर चाललं आहे. १९८६ मध्ये उड्डाणानंतर लगेच नष्ट झालेलं अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान आठवा: रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांची झीज आधीच्या उड्डाणांतही दिसली होती. तरी यानं सुखरूप परत येत गेली, म्हणून ती चालवून घेतली गेली.

गटाचा सगळ्यात गोड दबाव म्हणजे ‘मी थकलो नाही’. छातीवर दाब देताना हे मोजता येतं. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. आणि देणाऱ्याला थकवा जाणवायच्या आतच खोली कमी होऊ लागते. म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा, विचारायचं नाही. “बदलू का?” विचारलं तर स्वाभिमानी माणूस “नको” म्हणणार आणि दाब उथळ पडत राहणार. वेळ बघणाऱ्याने फक्त “बदला” म्हणायचं. जिथे जिथे माणसाला आपली कमजोरी कबूल करावी लागते, तिथे तिथे घड्याळाचा नियम लावा: वाहन किती तास चालवायचं, पाण्यात किती वेळ राहायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकामागून एक “येतो” पडत असतात, तेव्हा झोप न झालेल्याने “आज मी नाही” लिहिणं, हेही पथकाचंच काम आहे.

नव्यांना राबवून घेण्याची रीत सगळीकडे असते. दोर धुणं, चिखल काढणं, सामान मोजून ठेवणं, हे मन लावून करा. उपकरणं त्यातच कळतात. पण सुरक्षा साधनांशिवाय ‘हिंमत दाखव’, अपमान किंवा दारूचा आग्रह हे प्रशिक्षण नाही. स्पष्ट नकार द्या आणि प्रमुखांना सांगा.

आढावा त्याच दिवशी घ्यावा, १५ ते २० मिनिटांत. काय ठरलं होतं, काय घडलं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं. बोलण्याचा क्रम नव्याकडून जुन्याकडे असावा, कारण प्रमुख आधी बोलले की उरलेले मम म्हणतात. मनावर झालेल्या परिणामाबद्दल बोलण्याची सक्ती मात्र तिथे नको. घटनेनंतर एकाच बैठकीत सगळ्यांकडून मन मोकळं करून घेतल्याने पुढचा त्रास टळतो, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. त्यापेक्षा नंतरच्या आठवड्यांत एकमेकांवर लक्ष ठेवा: झोप उडणं, चिडचिड, सरावाला टाळाटाळ महिनाभर टिकली तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या.

पहिल्याच महिन्यात प्रमुखांना एक विनंती करा. पुढच्या सरावात त्यांनी कोणालाही न सांगता एक चूक पेरावी: उघडा स्क्रू, रिकामा ऑक्सिजन सिलिंडर, एका बाजूने न बांधलेला स्ट्रेचरचा पट्टा. चूक कोणी पकडली ते सोडून द्या. ती दिसल्यापासून “थांबा” ऐकू येईपर्यंत किती सेकंद गेले, तेवढे वहीत लिहा. पुढच्या महिन्यात चूक दुसऱ्या जागी पेरून पुन्हा मोजा.