रॅम वाढवायची का? आधी मेमरीचे आकडे नीट वाचा

कॉम्प्युटर अडखळायला लागला की पहिला सल्ला ठरलेला: रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, वाढव. सल्ला देणाऱ्याने मेमरीचे आकडे पाहिलेले असतातच असं नाही. दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं किंवा तापलेल्या प्रोसेसरचं असेल, तर नवी रॅम टाकूनही मशीन तसंच रखडत राहतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या.

तपासणीची वेळ महत्त्वाची. नुकत्याच रीस्टार्ट केलेल्या मशीनवर सगळं छानच दिसतं. रोजचं सगळ्यात जड काम चालू ठेवा, ब्राउझरचे नेहमीचे टॅब उघडे असू द्या, आणि मशीन संथ झालं की त्याच क्षणी बघा.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडा. वरचा मोठा आलेख ७०-८० टक्क्यांवर दिसला की लोक घाबरतात. एवढ्यावरून घाबरू नका. मोकळी पडून राहिलेली रॅम काहीच कामाची नसते, म्हणून उरलेल्या जागेत विंडोज नुकत्याच वापरलेल्या फाइल्स साठवून ठेवतं. 'कॅश्ड' म्हणून दिसतो तो मुख्यतः हाच साठा. एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की यातली बरीचशी जागा लगेच सोडली जाते. त्यामुळे प्रोग्रॅम्सना खरोखर किती जागा मिळू शकते, हे 'अव्हेलेबल' या आकड्यावरून बघायचं, कारण अशी सोडता येणारी जागाही त्यात धरलेली असते.

दुसरा आकडा 'कमिटेड'. तो दोन भागांत दिसतो: प्रोग्रॅम्सना कबूल केलेली मेमरी आणि तिची कमाल मर्यादा. ही मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल, म्हणजे रॅमला पूरक म्हणून डिस्कवर राखलेली जागा. एका ८ जीबीच्या लॅपटॉपवर व्हिडिओ मीटिंग, मोठी स्प्रेडशीट आणि तीसेक टॅब चालू असताना मी हे पाहिलं, तेव्हा अव्हेलेबल जेमतेम ४०० एमबी होती आणि कमिटेड १४ जीबीच्या घरात. माउस हलवला तरी बाण उशिरा सरकत होता. टॅब बंद करताच काही सेकंदांत अव्हेलेबल ३ जीबीच्या वर गेली आणि मशीन मोकळं झालं. असं दिसलं, तर रॅम खरोखर अपुरी पडते आहे असं समजा.

खात्री हवी असेल तर 'रिसोर्स मॉनिटर' उघडून 'मेमरी' टॅबमधला 'हार्ड फॉल्ट्स' हा आलेख बघा. हवा असलेला डेटा रॅममध्ये सापडला नाही आणि डिस्कवरून आणावा लागला, की एक हार्ड फॉल्ट मोजला जातो. नवा प्रोग्रॅम उघडताना हा आलेख उसळतो, ते स्वाभाविक आहे. पण काम नेहमीच्या गतीने चालू असतानाही तो सतत चढाच असेल, अव्हेलेबल तळाला गेली असेल आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर निदान पक्कं. उलट अव्हेलेबल भरपूर असूनही डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर दोष रॅमला देऊ नका. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवल्याने तिथे जास्त फरक पडतो.

मॅकवर 'अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर'मधला 'मेमरी प्रेशर'चा रंग बघा: हिरवा असेल तर ठीक, पिवळा रेंगाळत असेल किंवा लाल होत असेल तर टंचाई. लिनक्सवर 'फ्री' कमांडच्या उत्तरातला 'अव्हेलेबल' हा रकाना वाचा.

आता मेमरी कोण खातंय ते शोधा. टास्क मॅनेजरच्या 'प्रोसेसेस'मध्ये मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड प्रोग्रॅम वर येतो. बहुतेक वेळा तो ब्राउझरच असतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं तर टॅबनिहाय हिशेबही मिळतो. एखाद्या प्रोग्रॅमचा आकडा काही न करता तासागणिक वाढतच असेल, तर तो मेमरी गळतीचा प्रकार. तिथे कितीही रॅम टाकली तरी ती भरणारच. प्रोग्रॅम अपडेट करा, नाहीतर बदला. 'स्टार्टअप'मधले नको ते प्रोग्रॅम बंद करा. आणि 'शट डाउन'ऐवजी अधूनमधून 'रीस्टार्ट' करा, कारण फास्ट स्टार्टअप (मशीन पटकन सुरू व्हावं म्हणून विंडोजमध्ये असलेली सोय) चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही.

'रॅम क्लीनर', म्हणजे रॅम मोकळी करून देतो म्हणणारे प्रोग्रॅम, मात्र कृपा करून टाकू नका. ते चालू प्रोग्रॅम्सची मेमरी जबरदस्तीने बाहेर काढतात. आकडा छान दिसतो, पण पुढच्याच क्लिकला तोच डेटा परत आणावा लागतो.

एवढं करूनही टंचाई कायम असेल, तर खुशाल रॅम घ्या. टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या त्याच पानावर किती स्लॉट वापरात आहेत, वेग किती आणि रॅमचा आकार कोणता, हे खाली लिहिलेलं असतं. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या; डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) असते, तिथे ती वाढवता येत नाही. म्हणून आधी मॉडेलची माहिती तपासा. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वायाच जाते. जमलं तर सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या लावा. ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण होण्याचा, फायदा मिळतो, आणि ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असतील तर तो चांगला जाणवतो.

बसवल्यावर एकदा 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हे विंडोजमधलंच रॅम तपासायचं साधन चालवा. त्यात चूक दिसली तर मशीन बंद करून, प्लग काढून, पट्टी पुन्हा नीट दाबून बसवा. तरीही तीच चूक आली तर पट्टी बदलून घ्या.