महासाथीत रखडलेली मुलाची चौकशी: पालकांनी काय करावे
टाळेबंदीत बाल न्याय मंडळांचे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या मंडळांचे, कामकाज खोळंबले, तेव्हा ३ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निरीक्षणगृहांतील (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या गृहांतील) मुलांना जामिनावर सोडण्याचा विचार करावा, असे मंडळांना सांगितले. आपल्या मुलाचे प्रकरण तेव्हापासून रेंगाळले असेल, तर त्याला मंडळापुढे प्रथम हजर केल्याची तारीख कागदपत्रांत शोधावी. कारण २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम १४ प्रमाणे चौकशी तेथून चार महिन्यांत, मुदतवाढ मिळाल्यास सहा महिन्यांत संपायला हवी, आणि किरकोळ गुन्ह्याची (कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असलेल्या) चौकशी त्यानंतरही अपुरी राहिल्यास कार्यवाहीच संपुष्टात येते. असे असेल तर कार्यवाही संपवावी, असा लेखी अर्ज मंडळाला द्यावा. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. मुलाची झोप उडाली असेल, तो घुम्यासारखा बसून राहत असेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्याला (मुलाची पार्श्वभूमी पाहून मंडळाला अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याला) निःसंकोच सांगून समुपदेशन मागावे. माझ्या मते हे अर्जाइतकेच निकडीचे आहे.